परिपाठातली खुर्ची : लाँग कोविड झालेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

लातूरमधल्या एका माध्यमिक शाळेत मी समुपदेशक आहे. ही नोंद नववीत माझ्याकडे आलेल्या एका मुलीची आणि तिला झालेल्या लाँग कोविडची, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकणाऱ्या त्रासाची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या हातून झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्या चुका इतर शाळांमध्येही होत असणार याची मला खात्री आहे.

जुलै २०२२. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. आमच्याकडे परिपाठ मैदानावर होतो : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. सूचना लांबल्या नाहीत तर बारा मिनिटं, लांबल्या तर वीस. ही मुलगी प्रार्थनेपर्यंत टिकायची. सुविचार सुरू झाला की चेहरा पांढराफटक पडायचा, ओठ सुकायचे आणि ती रांगेतच खाली बसायची. पहिल्या दोन वेळा ‘नाष्टा न करता येतात पोरी’ यावर भागलं. तिसऱ्या वेळी ती आडवीच झाली आणि वर्गशिक्षिकेने तिला चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलं.

ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ‘वारंवार गैरहजर. अभ्यास टाळते. उभं राहिल्यावर चक्कर येते असे सांगते.’ अख्ख्या शाळेसमोर आडवी झालेल्या मुलीविषयी आम्ही ‘चक्कर येते’ असं लिहू शकलो नाही, ‘येते असे सांगते’ असं लिहिलं. पुढचं सगळं प्रकरण या एका क्रियापदाभोवती फिरत राहिलं.

आधीची हकिकत

मुलगी तेव्हा १४ वर्षांची होती. वडील अडत दुकानात मुनीम, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी, घरात आजी आणि तिसरीतला भाऊ. आठवीपर्यंत ती खो-खोच्या संघात होती आणि वर्गात पहिल्या पाचात असायची.

जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, वडिलांची चाचणी पॉझिटिव्ह आली. दोन-तीन दिवसांत घरातल्या सगळ्यांनाच ताप आला. घरात एकाला झालाय म्हणजे सगळ्यांनाच झालाय, मग पैसे कशाला घालवायचे, म्हणून बाकी कुणाची चाचणी केली नाही. अशी घरं हजारोंनी होती. मुलीला तीन दिवस ताप राहिला, घसा दुखला, पाचव्या दिवशी ती अंगणात खेळत होती. १२ ते १४ वयोगटाचं लसीकरण १६ मार्च २०२२ ला सुरू झालं, त्यामुळे तेव्हा तिला लस मिळालेली नव्हती.

राज्यातल्या शाळा २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या. फेब्रुवारीत ती शाळेत आली खरी, पण बिनसलं होतं. रात्री नऊ तास झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखी वाटायची नाही. दुपारी डोकं ठणकायचं. इतिहासाचा एक परिच्छेद चार-चार वेळा वाचायची आणि पहिल्या ओळीत काय होतं ते विसरायची. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. आठवीतून नववीत ती आपोआप गेली, म्हणून कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

घरच्यांनी हात टेकले नव्हते. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तीन डॉक्टर झाले. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांत ते बारापर्यंत चढलं, पण थकवा जिथल्या तिथे. एका दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी ‘ताकदीची’ सलाइन लावायचे. आई मला म्हणाली, “मॅडम, सलाइन लावली की एक दिवस पोरगी चांगली ऱ्हाते बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.” मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं : लक्ष मिळालं की बरं वाटतं. हे वाक्य वाचताना आजही माझी मान खाली जाते.

मी काय चुकले

त्या जुलैत माझ्याकडे शाळेत यायला नको म्हणणारी अकरा मुलं होती. दोन वर्षं घरात राहून मुलांची सवय मोडली होती. गर्दीची भीती, मागे पडल्याची लाज, मोबाइल, घरात झालेले मृत्यू. ही बारावी मुलगी त्याच रांगेत उभी आहे असं मी धरून चालले.

मला तसं वाटण्यात काहीच तथ्य नव्हतं असंही नाही. इंग्लंडमध्ये ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा ‘क्लॉक’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात चाचणीनंतर तीन महिन्यांनी तीन किंवा अधिक लक्षणं असल्याचं पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ३०.३ टक्के मुलांनी सांगितलं, पण निगेटिव्ह आलेल्यांपैकीही १६.२ टक्के मुलांनी तेच सांगितलं. म्हणजे त्या काळात विषाणूशिवायही मुलं थकलेली, डोकं दुखणारी, बेचैन होती. पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही आहे, संसर्ग झालेल्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. मी पहिली अर्धी बाजू मनात घट्ट धरली होती आणि दुसरी पाहिलीच नाही.

शाळेच्या भीतीवर जो उपाय आम्ही शिकलेलो असतो तोच मी केला. एक शिडी आखली. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, दुसऱ्यात तीन, मग चार, मग पूर्ण दिवस. आलेल्या प्रत्येक दिवसाला तक्त्यावर एक तारा. भीती असलेल्या मुलांना हा उपाय लागू पडतो, कारण भीती सामोरं गेल्याने कमी होते. त्या अकरांपैकी बहुतेकांना तो लागू पडलाही.

ती मुलगी एकदाही नाही म्हणाली नाही. इथेच मी थबकायला हवं होतं. शाळा टाळणारं मूल शिडीची पायरी चढताना कुरकुरतं, पोट दुखतं म्हणतं, सौदा करतं. ही मुलगी भिंत धरत वर्गात यायची आणि तक्त्यावरचा तारा स्वतः चिकटवायची. बरी झालीस तर उद्या काय करशील, असं तिला नंतर विचारलं तेव्हा तिने न थांबता सात गोष्टी सांगितल्या. पहिली होती खो-खोचा खांब. मनाने खचलेल्या मुलाला हा प्रश्न विचारला तर बहुतेकदा यादी लांबत नाही, ‘काही नाही’ असं उत्तर येतं. हा एक प्रश्न म्हणजे काही निदान नव्हे, पण मी तो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची धामधूम होती. १५ ऑगस्टला शाळेची प्रभातफेरी निघाली. गेले आठ दिवस ती बऱ्यापैकी होती. मीच तिला म्हणाले, “चल, मी आहे बरोबर.” ती दीड किलोमीटर चालली, घोषणा दिल्या, हसली. त्या दिवशीचा फोटो आहे. १६ तारखेला ती शाळेत आली आणि जरा गप्प होती. १७ तारखेला तिला अंथरुणातून उठता आलं नाही.

तीन आठवडे ती तशीच होती. खिडकीचा उजेड सहन होईना, म्हणून आईने जुनी सतरंजी टांगली. केस विंचरायला हात वर जाईना. ३१ ऑगस्टला घरी गणपती बसले, आरती बाहेरच्या खोलीत झाली आणि ती आत कानांवर उशी धरून पडून होती, कारण टाळांचा आवाज डोक्यात घुसत होता.

मी घरी गेले. सतरंजीच्या अंधारात ती मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही आता तारे परत घ्याल का?”

काय घडलं होतं

या प्रकाराला श्रमानंतर लक्षणं उसळणं म्हणतात. श्रम केल्यावर कुणीही थकतं आणि झोपल्यावर ताजं होतं. या आजारात श्रमाची शिक्षा उशिरा येते, अनेकदा १२ ते ४८ तासांनी, आणि केलेल्या श्रमाच्या मानाने फार मोठी येते. दिवस, कधी आठवडे टिकते. श्रम म्हणजे फक्त धावणं असंही नाही. गणिताचा तास, मैत्रिणीशी भांडण, लग्नातला बँड, तापलेलं वर्गाचं छत, सगळं त्याच हिशेबात धरावं लागतं.

शिक्षकांची फसगत या उशिरामुळे होते. सोमवारी मूल खेळताना दिसतं, बुधवारी गैरहजर असतं. आपण म्हणतो, परवा तर चांगली उड्या मारत होती! त्या परवाच्या उड्यांमुळेच ती आज अंथरुणात आहे, हे जोडायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

अशा वेळी रोज थोडं थोडं वाढवत नेण्याचा सल्ला उलटा पडतो. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजाराविषयी (एमई/सीएफएस) नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची जुनी पद्धत देऊ नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं. तो कागद मी शिडी आखली त्याच्या सुमारे नऊ महिने आधीचा होता.

सप्टेंबरच्या शेवटी वडिलांच्या ओळखीतून एका बालरोगतज्ज्ञांकडे जाणं झालं. डॉक्टरांनी आधी क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, जीवनसत्त्व बी-१२ हे सगळं पुन्हा तपासलं. ईसीजी आणि इको केला. आपल्याकडे थकलेल्या किशोरवयीन मुलीत क्षय आणि रक्तक्षय आधी बघावेच लागतात. सगळं लाँग कोविडवर ढकलणं हेही तितकंच धोक्याचं आहे. मग त्यांनी एक साधी चाचणी केली. मुलीला दहा मिनिटं निजवलं, नाडी आणि रक्तदाब मोजला. मग तिला उभं केलं आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोजत राहिले. निजलेली असताना नाडी ७६. उभं राहिल्यावर आठव्या मिनिटाला १२२. रक्तदाब पडला नव्हता.

१२ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वाढली, रक्तदाब पडला नाही आणि हा त्रास बरेच महिने चालू असेल, तर त्याला पॉट्स म्हणतात. मोठ्यांसाठी हा आकडा ३० आहे. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं. शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा शिरा आवळून ते वर ढकलत असते. ती यंत्रणा बिघडली की हृदय धावून धावून भरपाई करतं. परिपाठात बारा मिनिटं स्थिर उभं राहणं ही या मुलीसाठी रोजची शर्यत होती.

डॉक्टरांनी आईला विचारलं, सलाइन लावल्यावर बरं वाटायचं का? आईने हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, बरोबरच आहे, शिरांत पाणी आणि मीठ भरलं की या मुलांना थोडा वेळ आराम पडतो. ज्या खुणेला मी लक्ष वेधण्याची धडपड म्हटलं होतं ती आजाराची खूण होती, आणि ती आईने पहिल्याच भेटीत माझ्या हातात ठेवली होती.

कोविडच्या चाचणीचा कागद नाही, मग लाँग कोविड कसा म्हणायचा, हा प्रश्न शाळेने विचारला, नातेवाइकांनीही विचारला. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांसाठी जी व्याख्या दिली तिच्यात सिद्ध झालेला किंवा संभाव्य, दोन्ही संसर्ग धरलेले आहेत. संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत लक्षणं सुरू झालेली असावीत, ती किमान दोन महिने टिकावीत आणि रोजच्या जगण्यावर त्यांचा परिणाम व्हावा. घरात पॉझिटिव्ह वडील, त्याच आठवड्यातला ताप. संभाव्य म्हणायला आणखी काय हवं होतं?

पाण्याचा हिशेब

डॉक्टरांनी ऊर्जा मोजून वापरायला सांगितली आणि मोबाइलच्या बॅटरीचा दाखला दिला. मुलीला तो पटला नाही. बॅटरी रात्री लावली की सकाळी शंभर टक्के होते, माझी होत नाही, असं ती म्हणाली. ते खरंच होतं.

मग आई बोलली. २०१६ चा दुष्काळ मुलीला आठवत होता. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं ते वर्ष. आई म्हणाली, “तवा आपण कसं करायलो होतो? टिपाडात किती हाय ते आधी बघायचं, मग भांडे का कपडे ते ठरवायचं. तळ खरडायचा नाही. टँकर उद्या येतो म्हनले तरी दोन घागरी राखून ठेवायच्या.”

त्या दिवशी घरात एक वही सुरू झाली. सकाळी उठल्यावर आज किती घागरी, ते लिहायचं. आंघोळ अर्धी घागर, तीही बसून. गणिताचा तास दीड. मराठीचा अर्धा. मामाचा फोन अर्धा. आणि संध्याकाळी दोन घागरी शिल्लक राहिल्याच पाहिजेत, बरं वाटत असलं तरी. बरं वाटणाऱ्या दिवशी थांबणं सगळ्यात अवघड जायचं. ती रडायची. “आज तर मी करू शकते ना!” आई म्हणायची, “करू शकतीस म्हनूनच थांब.”

दोन महिन्यांत वहीतून जे कळलं ते कुठल्याच तपासणीत कळलं नव्हतं. सकाळपेक्षा दुपारी अकरा ते एक तिची वेळ चांगली असते. बसून ऐकणं परवडतं, फळ्यावरून उतरवून घेणं महागात पडतं. पाळीच्या आधीचे चार दिवस घागरी निम्म्यावर येतात. आणि शाळेतल्या तासांपेक्षा शाळेत पोचण्यातच तिची अर्धी ताकद जाते : गणवेश, वेणी, दप्तर, पायी वीस मिनिटं, दोन जिने, परिपाठ. पहिला तास सुरू होईपर्यंत टिपाड रिकामं.

शाळेत काय बदललं

आम्ही उलटीकडून सुरुवात केली. शिकवण्याला हात लावण्याआधी हे पोचणं स्वस्त करायचं ठरवलं. वडील किंवा शेजारचे काका तिला स्कूटरवरून पावणेअकराला सोडत. नववीचा तो वर्ग तळमजल्यावर आणला. एका तुकडीने वर्ग बदलला इतकंच. पाठ्यपुस्तकांचा दुसरा संच शाळेच्या कपाटात ठेवला, म्हणजे दप्तरात एक वही आणि पाण्याची बाटली. मिठाचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. ते ती ताकातून आणि लिंबूपाण्यातून घ्यायची, वर्गात बसून, परवानगी न विचारता. ही ‘न विचारता’ची सवलत मिळवायला मला एक पूर्ण शिक्षकसभा लागली. पायांना घट्ट बसणारे लांब मोजे हिवाळ्यात उपयोगी पडले. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये ते कुणालाही सहन होणार नाहीत, तिलाही झाले नाहीत.

माझ्या खोलीत पडदा लावून एक सतरंजी टाकली. दोन तासांच्या मध्ये वीस मिनिटं ती तिथे डोळे मिटून पडायची. थकल्यावर पडायचं नव्हतं, ठरलेल्या वेळी पडायचं होतं. हा फरक शिक्षकांना समजावायला वेळ गेला, कारण दमलेल्याला विश्रांती देणं सगळ्यांना पटतं आणि हसत असलेल्या मुलीला झोपायला पाठवणं कुणालाच पटत नाही.

फळ्याचा फोटो एक मैत्रीण पाठवायची. गृहपाठ एक तृतीयांश. उत्तरं तोंडी. गणिताचे सर स्वतःहून रोजची दोनच उदाहरणं निवडून द्यायचे, पण ती दोन अशी की त्यांत पूर्ण रीत यावी. त्या माणसाला आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, “वीस उदाहरणं आपण सवयीने देतो. गरज दोनचीच असते.”

आणि परिपाठात खुर्ची.

खुर्चीवरून जितका वाद झाला तितका दुसऱ्या कशावरूनही झाला नाही. राष्ट्रगीताला बसायचं कसं? बाकीच्या मुली काय म्हणतील? उद्या सगळ्याच खुर्ची मागतील. क्रीडाशिक्षकांनी विरोध केला, आणि मी त्यांना दोष देत नाही. तिला पडताना त्यांनीच दोनदा उचललं होतं आणि तिने पुन्हा धावावं ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मी त्यांना चाचणीचा कागद दाखवला. ७६ आणि १२२. नाडीची भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ही पोर उभी राहून धावतीये की.” दुसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटी, लिंबाच्या सावलीत, खुर्ची त्यांनीच आणून ठेवली. राष्ट्रगीताला ती उभी राहायची, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि ते संपलं की बसायची.

या सगळ्याचा एक पानी कागद केला. तिला काय होतं, कशाने होतं, त्या वेळी काय करायचं, काय करायचं नाही. प्रत्येक शिक्षकाला तो दिला आणि बदली शिक्षकासाठी एक प्रत हजेरीपटात चिकटवली. ब्रिटनमध्ये ‘लाँग कोविड किड्स’ नावाची पालकांनी उभी केलेली संस्था शाळांसाठी असं साहित्य तयार करते. आम्हाला ते आमच्या शाळेच्या भाषेत, आमच्या तासांच्या आणि जिन्यांच्या हिशेबाने लिहावं लागलं, आणि माझ्या मते ते तसंच लिहायला हवं.

वर्ष

फेब्रुवारी २०२३ पर्यंत ती आठवड्यातले तीन दिवस, रोज दोन-तीन तास येत होती. सातत्याने, मोठी कोसळ न होता. आमच्या लेखी हे फार मोठं यश होतं. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि हजेरीची ७५ टक्क्यांची अट समोर उभी राहिली.

लातूरमध्ये वर्ष गमावणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. ज्या शहराच्या नावाने अभ्यासाचा एक ‘पॅटर्न’ ओळखला जातो, जिथे ट्यूशन एरियात राज्यभरातून मुलं येऊन राहतात, तिथे नववी पुन्हा बसणं म्हणजे घराण्यावर डाग. मामा म्हणाले, कशीबशी ढकला, दहावीला बघू. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्यायचा पर्यायही कुणीतरी सुचवला. त्याचा विचार आम्ही गांभीर्याने केला. पण त्यात तिची मैत्रिणींची उरलीसुरली सोबत तुटली असती, आणि ती सोबत तेव्हा तिच्या औषधाइतकीच मोलाची होती.

अपंगत्वाच्या सवलतींचं दारही ठोठावून पाहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, लाँग कोविड त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात म्हटलं आहे की ठरावीक टक्केवारीचं प्रमाणपत्र नाही म्हणून वाजवी सोय नाकारता येणार नाही. तो निकाल लेखनिकाविषयी होता, हिची अडचण फक्त लिहिण्याची नव्हती. तरी त्या निकालातलं ‘वाजवी सोय’ हे तत्त्व मी मुख्याध्यापकांपुढे ठेवलं आणि शाळेच्या अखत्यारीत जे जे होतं ते आम्हाला मिळालं.

निर्णय शेवटी मुलीने घेतला. तिने वही उघडली. रोजच्या घागरी मोजल्या, दहावीच्या अभ्यासाला लागतील त्या मोजल्या आणि म्हणाली, “पुरत नाहीत. मी नववी पुन्हा करते.” वडील उठून बाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले ते तिच्यासाठी उसाचा रस घेऊन. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्या वर्षी धाकट्या भावाचं कुणी फारसं पाहिलं नाही, हेही नोंदवलं पाहिजे. घरात आवाज नको, टीव्ही नको, सुट्टीत गाव नको. तो एकदा आईला म्हणाला, मलापण कोविड झाला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर मी घरी जायचे तेव्हा पहिली दहा मिनिटं त्याची असायची. हे मी आधीपासून करायला हवं होतं. मूल आजारी पडतं तेव्हा मदतीची गरज पूर्ण घराला असते, आणि शाळेच्या कागदावर नाव एकट्याचंच असतं.

पुढे

दुसऱ्यांदा नववी ठीक गेली. २०२३-२४ मध्ये दोनदा ती मोठी कोसळली : एकदा डेंग्यूसारखा ताप येऊन गेल्यावर, एकदा मावशीच्या लग्नात. दोन्ही वेळा सहा-आठ आठवडे मागे गेली आणि पुन्हा हळूहळू वर आली. अशा आजारात बहुतेक मुलं काळ जाईल तशी सुधारतात, पण ती रेघ सरळ वर जात नाही. प्रत्येक घसरणीला ‘पुन्हा पहिल्यापासून’ असं तिला वाटायचं, तेव्हा आम्ही जुनी वही काढून दाखवायचो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चांगल्या दिवशी पाच घागरी होत्या. घसरणीनंतरच्या वाईट दिवशीही आता सहा होत्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ५,३६७ मुलांचा अभ्यास आला. ६ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये लक्षणांचं चित्र वेगळं दिसलं आणि १२ ते १७ मध्ये वेगळं. लहान मुलांमध्ये एकाग्रता, झोप, डोकेदुखी, पोटदुखीच्या तक्रारी जास्त, मोठ्या मुलांमध्ये थकवा, अंगदुखी, वास-चवीतले बदल. लहान मुलांच्या यादीत शाळेत जायला नकार देणं हेही होतं. मी तो भाग दोनदा वाचला आणि त्या जुलैतली माझी अकरा मुलं एकेक करून आठवली. त्यांतल्या दोघांविषयी मला आता खात्री वाटत नाही. एक मुलगा तेव्हाच शाळा सोडून गेला. मी त्याच्या घरी जाऊन आले, ते कुटुंब आता पुण्याकडे असतं एवढंच कळलं.

दहावीची परीक्षा तिने २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिली. तयारी वर्षभर आधीपासून उलटी मोजत केली होती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत वीस गुणांचं काम दिवाळीआधीच तोंडी आणि थोडं थोडं करून संपवलं. सराव परीक्षा तीनऐवजी एकच दिली, कारण तीन तास बसून लिहिणं तिला सरावाने सोपं होणार नव्हतं, प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागणार होती. केंद्रावर तळमजल्यावरची खोली मिळाली. दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवशी तिने पुस्तक उघडायचं नाही, फक्त पडून राहायचं, असं ठरलं होतं. हे आईने पाळलं, मामांचे फोन येत असतानाही. शेवटच्या पेपरनंतर ती नऊ दिवस अंथरुणात होती. ते नऊ दिवस वहीत आधीच लिहून ठेवले होते.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. किती ते सांगत नाही. लातूरमध्ये टक्के सांगितले की लोक बाकीचं ऐकत नाहीत.

आता ती अकरावीत आहे, कला शाखेत. आठवड्यातले चार दिवस कॉलेजला जाते. खो-खो अजून नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालते, नाडी मोजते, परत येते. क्रीडाशिक्षकांनी तिला तालुक्याच्या सामन्यांत गुणलेखनाला बसवलं होतं, सावलीत, टेबल-खुर्चीवर, फक्त पहिल्या सत्रापुरतं.

जूनमध्ये ती माझ्याकडे आली, जुना एक पानी कागद घेऊन. कॉलेजला द्यायचा होता. मी म्हणाले, मी नवा लिहून देते. तिने तो स्वतःच लिहून आणला होता. माझ्या कागदाच्या शेवटी होतं, ‘विद्यार्थिनीला कृपया समजून घ्यावे.’ ती ओळ तिने काढून टाकली होती. तिच्या जागी होतं : ‘मला जास्त वेळ उभं राहता येत नाही. हजेरीला मी बसूनच “हजर” म्हणेन.’